शाकारणी

आपल्याकडे सॉफ्टवेअर 'बसवतात'. गणपती बसवतात, पंखा बसवतात, तसंच. मला या क्रियापदाची आधी गंमत वाटायची, हल्ली थोडी धास्ती वाटते. कारण बसवलं की झालं, असा एक भाव त्यात आपोआप येतो. गणपतीचं ठीक आहे, दहा दिवसांनी तो आपल्या गावाला जातो. पंख्यावर दिवाळीत एकदा फडकं मारलं तरी भागतं. पण कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेलं सॉफ्टवेअर, ज्यात पगार, चलनं, स्टॉक, बिलं सगळं असतं, ते या दोन्हीत मोडत नाही. ते कौलारू घरासारखं असतं. आणि कौलारू घर दरवर्षी पावसाळ्याआधी शाकारावं लागतं.

ज्यांचं बालपण फ्लॅटमध्ये गेलं त्यांच्यासाठी सांगतो. शाकारणी म्हणजे वैशाखात एक माणूस छपरावर चढतो, फुटकी कौलं काढतो, सरकलेली सारखी करतो, वाळवी लागलेली रीप बदलतो. खर्च फार नसतो. गंमत अशी की सगळं करून झाल्यावर घर खालून अगदी कालच्यासारखंच दिसतं. पैसे गेले आणि दिसलं काहीच नाही! पण एक वर्ष टाळलं तर आषाढात माजघरात पातेली मांडावी लागतात, आणि चार-पाच वर्षं टाळलं तर वासाच कुजतो. मग शाकारणीचा खर्च राहत नाही, नवं छप्पर घालायचा होतो.

मी पोटापाण्यासाठी जे करतो ते साधारण हेच. भोसरी-चाकणकडच्या काही छोट्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळतो. त्यामुळे या विषयावर माझं एक ठाम मत झालेलं आहे, ते इथे मांडतो. पटलं तर घ्या.

तर सांगायचा मुद्दा असा. आपल्या छोट्या उद्योगांनी आणि संस्थांनी आपलं सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर ठेवायला माझी मुळीच हरकत नाही, उलट ते चांगलंच आहे असं मी म्हणेन. पण ज्या संस्थेच्या वार्षिक खर्चात 'देखभाल' नावाची ओळ नाही आणि त्या ओळीपुढे कुणा माणसाचं नाव नाही, तिने स्वतःचा सर्व्हर ठेवू नये. भाड्याने राहावं. त्यात कमीपणा नाही. सगळ्यात वाईट स्थिती तिसरीच असते. सर्व्हर आपला, पण त्याला वाली कुणी नाही.

उदाहरण आपल्याच राज्यातलं घेऊ. ईआरपीनेक्स्ट हे नाव कारखानदारीत असलेल्या बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. मुंबईच्या रुशभ मेहता यांनी २००८ च्या सुमारास सुरू केलेलं काम. खरेदी, विक्री, साठा, उत्पादन, पगार, हिशेब सगळं एका जागी, ब्राउझरमधून चालणारं. आणि मुक्त. त्याचा सोर्स कोड कुणालाही पाहता येतो, बदलता येतो, आपल्या सर्व्हरवर चालवता येतो, आणि त्यासाठी परवान्याचा एक रुपयाही लागत नाही. ज्या परदेशी ईआरपीचं नुसतं कोटेशन बघून छोट्या कारखानदाराला घाम फुटायचा, तसलं काम हे सॉफ्टवेअर बऱ्यापैकी करतं. मला त्याचं मनापासून कौतुक आहे.

पण गडबड होते ती 'मुक्त' आणि 'फुकट' या दोन शब्दांत. परवाना फुकट आहे. वैशाखात छपरावर चढणारा माणूस फुकट नाही.

एका कारखान्याची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही. भोसरीतलं जॉबवर्कचं युनिट, सीएनसी मशिनं, चाळीसेक माणसं. २०१८ मध्ये एका हुशार मुलाने त्यांना ईआरपीनेक्स्ट बसवून दिलं. खरोखर हुशार. त्यांच्या ओव्हरटाइमचा हिशेब जरा विचित्र होता, तो त्याने सॉफ्टवेअरच्या मूळ फायलींत शिरून जमवून दिला. यूपीएसशेजारच्या कपाटात सर्व्हर ठेवला, पेढे वाटले, पैसे घेतले. दोन वर्षांनी त्याला बंगळूरला चांगली नोकरी लागली आणि तो गेला. त्याला मी अजिबात दोष देत नाही. त्याला बसवायचे पैसे मिळाले होते, सांभाळायचे नव्हे.

पुढे तीन वर्षं सगळं छान चाललं. कुणी सुचवलंच तर मालकांचं उत्तर ठरलेलं, "अहो, चालू आहे ना? मग चालू गाडीला हात कशाला लावायचा?"

आणि मग आला १ ऑगस्ट २०२३. वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर असलेल्यांना जीएसटीचं ई-इन्व्हॉइस त्या तारखेपासून सक्तीचं झालं. ही काही आकाशातून पडलेली कुऱ्हाड नव्हती. ऑक्टोबर २०२० मध्ये पाचशे कोटींच्या वरच्यांपासून सुरुवात झाली होती. पुढे शंभर, पन्नास, वीस, दहा अशी ती रेषा एकेक पायरी खाली येत होती. ई-इन्व्हॉइस म्हणजे नुसता बिलाचा नवा नमुना नव्हे. बिलाची माहिती सरकारी पोर्टलला पाठवायची, तिथून एक क्रमांक आणि क्यूआर कोड घ्यायचा, तो बिलावर छापायचा. म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर दुसऱ्या सॉफ्टवेअरशी बोलायला हवं. यांच्या जुन्या आवृत्तीला ते बोलणं माहीतच नव्हतं.

नव्या आवृत्तीत सोय होती, तीही फुकट. पण तिथपर्यंत पोचायला चार मोठ्या आवृत्त्यांचे जिने चढायचे होते, एकेक करून, कारण प्रत्येक जिन्यावर डेटाबेसची मांडणी बदलते. मध्ये पायथॉन २ जाऊन ३ आलेलं. आणि मूळ फायलींत हात घालून केलेला तो ओव्हरटाइमचा हिशेब पहिल्याच जिन्यावर गळून पडला, कारण नवी आवृत्ती त्या फायली पुसूनच येते. हा बदल 'कस्टम ॲप' म्हणून वेगळा ठेवला असता तर तो शाबूत राहिला असता.

ते चढवायला मला बोलावलं होतं. काम झालं, पण अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस अकाउंट्समधल्या मॅडम एकेक बिल सरकारी पोर्टलवर हाताने भरत होत्या, रात्री साडेनऊपर्यंत. मोठ्या गिऱ्हाइकांनी क्यूआर कोड नसलेली बिलं परत पाठवली, कारण त्यावर त्यांना कराचं क्रेडिट मिळत नाही. पैसे अडकले. त्या महिन्याचा पगार दोन हप्त्यांत झाला. चाळीस घरांत त्या महिन्यात काय काय पुढे ढकललं गेलं असेल, याची नोंद कुठल्याच ईआरपीत होत नाही.

मालकांच्या त्या वाक्याकडे पुन्हा येतो, कारण ते अडाणीपणाचं वाक्य नाही. त्यामागे चाळीस वर्षांचा अनुभव आहे. त्यांच्या शॉपमध्ये १९८५ चं एक लेथ आहे, अजून उत्तम चालतं. तेलपाणी वेळेवर केलं आणि उगाच उचकापाचक केली नाही की यंत्र टिकतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. मशीन झिजतं, आवाज करतं, कंप पावतं. बिघडायच्या आधी सांगतं. सॉफ्टवेअरचं नेमकं उलटं. ते स्वतः झिजत नाही. पाच वर्षांपूर्वीची फाइल आजही बिट न बिट तशीच असते. बदलतं ते भोवतालचं जग. कायदा बदलतो, ब्राउझर बदलतो, समोरचं पोर्टल बदलतं, आणि कुलूप उघडायच्या नव्या किल्ल्या चोरांना सापडतात. म्हणून लेथच्या बाबतीत 'चालू आहे' ही माहिती असते. सर्व्हरच्या बाबतीत ती नुसती कालची बातमी असते.

चोरांचा विषय निघालाच आहे तर एक जुनी तारीख सांगतो. १५ ऑक्टोबर २०१४. महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं, आपण सगळे बोटाला शाई लावून घरी बसलो होतो. त्याच दिवशी ड्रुपल या प्रणालीत एक भयंकर भोक असल्याचं जाहीर झालं आणि त्याच वेळी ते बुजवणारा पॅचही आला. ड्रुपल आपल्याला परकं नाही, 'मिसळपाव', 'ऐसी अक्षरे' यांसारखी मराठी संकेतस्थळं त्याच्यावरच उभी राहिली. पुढे दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा गटाने स्पष्टच सांगितलं की घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी पॅच लावला नाही, त्यांनी आपली साइट फुटली आहे असंच धरून चालावं. सात तास! आपल्या घड्याळाप्रमाणे ती मुदत पहाटे साडेचारला संपली. चोर पॅच वाचतात, त्यावरून भोक कुठे आहे ते ओळखतात आणि दारं ठोठावत सुटतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या एका साध्या लायब्ररीच्या बाबतीत हेच झालं. नोंदी लिहून ठेवणं एवढंच तिचं काम, पण ती हजारो मोठ्या सॉफ्टवेअरच्या पोटात होती. आपल्या सर्व्हरवर ती आहे की नाही, हेच अनेकांना माहीत नव्हतं.

'आमच्यासारख्या छोट्यांकडे कोण बघतंय', असं वाटणाऱ्यांसाठी: दारं ठोठावणारा माणूस नसतो, प्रोग्राम असतो. त्याला तुमचं नाव माहीत नसतं आणि त्याला त्याची गरजही नसते. आणि मोठ्यांचीही सुटका नसते. २०२१ च्या फेब्रुवारीअखेर पिंपरी-चिंचवडच्या स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, निगडीला पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला, पाच कोटींच्या नुकसानीचा आकडा वर्तमानपत्रांत आला. हे आपल्या नाशिक फाट्यापलीकडचं आहे, अमेरिकेतलं नाही.

मग यावर सोपा उपाय काय? क्लाउड. सगळं भाड्याने घ्या, शाकारणी घरमालक बघेल. हा उपाय खोटा नाही. ज्यांना माणूस ठेवणं परवडत नाही त्यांना मी स्वतःच तो सांगतो. शिवाय मोठ्या कंपन्याच आता आपल्याला तिकडे ढकलत आहेत. हिंजवडी-खराडीत 'जिरा' माहीत नाही असा माणूस विरळा. ते बनवणाऱ्या ॲटलॅशियनने स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या साध्या आवृत्तीचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ ला बंद केला, आणि तिची महागडी 'डेटा सेंटर' आवृत्तीही २८ मार्च २०२९ ला संपवणार असल्याचं २०२५ मध्ये जाहीर केलं. म्हणजे वाडा विकायला बिल्डर मागे लागतो तसंच.

पण भाडेकरूचं दुखणं पुणेकरांना मी काय सांगावं? जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या तेलकंपनीचं काय झालं ते आठवा. वाडीनारला मोठा तेलशुद्धीकरण कारखाना, देशभर पंप. कंपनीत रशियन भागीदारी असल्याने युरोपीय संघाने निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. परवाने पैसे भरून घेतलेले होते. भारतात त्या कंपनीवर कुठलाही निर्बंध नव्हता. तरी ईमेल बंद. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीला वकील उभे करता आले. आमच्या भोसरीच्या शेठजींना कुणाचा फोन नंबर तरी मिळाला असता का?

म्हणून मी क्लाउडचा सरसकट पुरस्कार करत नाही. आपल्या हिशेबाच्या वह्या आपल्या कपाटात असाव्यात, ही इच्छा जुनाट नाही, शहाणपणाची आहे. फक्त त्या वह्यांना वाळवी लागू नये याची जबाबदारीही मग आपल्या कपाटात येते, एवढंच.

आणि इथेच ती तिसरी स्थिती येते, वाली नसलेल्या सर्व्हरची. ती समजायला पेठांतल्या वाड्यांकडे बघा. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ चा. भाडी गोठली. मालक म्हणायचा, एवढ्याशा भाड्यात मी छप्पर कशाला करू? भाडेकरू म्हणायचा, वाडा तुमचा, मी का करू? दोघांचंही आपापल्या परीने बरोबर होतं. मधल्या मधे पाऊस मात्र दरवर्षी वेळेवर यायचा. कसबा, नारायण, सदाशिव पेठांतले कितीतरी वाडे भांडून नाही पडले, वाट बघून पडले. कारखान्यातल्या सर्व्हरचं तंतोतंत हेच होतं. मालक म्हणतात, ते कॉम्प्युटरवाल्याचं काम. कॉम्प्युटरवाला म्हणतो, माझा करार प्रिंटर आणि नेटवर्कचा. अकाउंट्सवाले म्हणतात, आम्ही नुसते वापरतो. सगळे खरं बोलतात, आणि छप्पर गळतं.

मग करायचं काय? माझ्या मते चार गोष्टी, आणि चारही कंटाळवाण्या आहेत.

पहिली, ताळेबंदात ओळ. 'सॉफ्टवेअर देखभाल' हा खर्च 'किरकोळ'मध्ये दडपू नका. छोट्या कारखान्याला माझ्या अनुभवाने महिन्याला एक पूर्ण दिवस आणि वर्षातून एक आठवडा एवढं माणसाचं काम लागतं. त्याचे पैसे मोजा, लिहा, मंजूर करा. तेवढे नसतील तर सरळ भाड्याने जा.

दुसरी, नाव. 'आयटी डिपार्टमेंट' हे नाव नाही. एक माणूस, आणि तो बंगळूरला गेला तर दुसरा. दोघांनाही पासवर्ड कुठे आहेत ते माहीत हवं.

तिसरी, रंगीत तालीम. अपडेट आंधळेपणाने लावा असं मी म्हणत नाही. अपडेटने चालू गोष्टी मोडतात, हे मालकांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. म्हणूनच सर्व्हरची एक हुबेहूब प्रत ठेवायची, आधी तिच्यावर अपडेट चढवायचं, अकाउंट्सच्या मॅडमना एक बिल, एक पगारपत्रक, एक चलन काढून बघायला सांगायचं, आणि मगच खऱ्याला हात लावायचा. नाटकवाले हे पिढ्यान्पिढ्या करतायत, आपल्यालाच कसली घाई असते कोण जाणे.

चौथी, बॅकअप परत आणून बघणं. बॅकअप घेणं नव्हे, परत आणणं. बॅकअप घेतो असं प्रत्येक जण सांगतो. त्या भोसरीच्या सर्व्हरवरही रोजचा बॅकअप होता, पण त्याच डिस्कवर! घर जळलं तर विम्याचे कागद त्याच घरात. शिवाय ईआरपीनेक्स्टमध्ये साठवलेले पासवर्ड ज्या किल्लीने बंद केलेले असतात ती किल्ली डेटाबेसमध्ये नसते, वेगळ्या फाइलमध्ये असते. ती फाइल घ्यायची राहिली तर डेटा परत येतो, पण ईमेल आणि पोर्टलचे पासवर्ड उघडत नाहीत. हे परत आणून बघितल्याशिवाय कळत नाही. तिमाहीतून एकदा दुसऱ्या यंत्रावर सगळं उभं करून बघा. उभं राहिलं तरच तो बॅकअप.

यातलं काही आता मर्जीचंही राहिलेलं नाही. कंपनी कायद्याखालच्या नियमांत २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन इलेक्ट्रॉनिक हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज आणि भारतातल्याच सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक झालं. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी कधी काय बदललं याची न पुसता येणारी नोंद लागते. आणि एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशाप्रमाणे सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं, १८० दिवसांच्या नोंदी जपाव्या लागतात. सहा तासांत कळवायला आधी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं. ज्या सर्व्हरकडे सहा-सहा महिने कुणी बघत नाही, तिथे ते कोण कळवणार?

एक गोष्ट मात्र मला स्वतःला खटकते, तीही सांगून टाकतो. माझ्यासारखा माणूस काम नीट करत असेल तर काहीच घडत नाही. आणि काहीच घडत नाही म्हणून वर्षाअखेर कुणीतरी विचारतं, "याला नेमके पैसे कशाचे देतो आपण?" प्रश्न विचारणाऱ्याचाही फार दोष नाही. बसवण्याचे पेढे असतात, फोटो असतो, नारळ असतो. शाकारणीचा फोटो कुणी काढत नाही. आपण समाज म्हणूनच उद्घाटनाचे शौकीन आहोत. रस्त्याचं उद्घाटन होतं, खड्डा बुजवण्याचं होत नाही. पण खड्डा न पडलेल्या रस्त्यावरून आपण रोज जातो आणि तो कुणीतरी सांभाळतंय हे आपल्या गावीही नसतं.

'घर पाहावं बांधून' असं जुनी माणसं सांगून गेली. बांधून पाहण्यात कौतुक आहेच, पण घर ओळखायचं ते तिसऱ्या पावसाळ्यात. असो. मार्चअखेर जवळ आली की नव्या वर्षाचा खर्चाचा तक्ता बनतोच. तेवढी एक ओळ त्यात घालून घ्या, आणि तिच्यापुढे एक नाव.